रिकाम्या बरण्या-डब्यांत रीलोडिंगचं सामान ठेवलं तर चालतं का?

शेंगदाण्याचं_कूट (डॅलस)

नमस्कार मंडळी. इथे शूटिंगवाले कितीजण आहेत माहीत नाही पण विचारून बघतो. ग्रीनकार्ड झाल्यावर रेंजवर जायला लागलो, मग फॅक्टरीच्या गोळ्यांचे भाव बघून डोकं फिरलं आणि गेल्या हिवाळ्यापासून घरीच रीलोडिंग करतोय, म्हणजे उडवलेल्या गोळीच्या रिकाम्या पितळी केसमध्ये नवा प्रायमर (ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी), पावडर आणि पुढची बुलेट भरून पुन्हा गोळी बनवणं. एका वेळी एकच काम करणारं साधं सिंगल स्टेज प्रेस आहे, ९ एमएम आणि पॉइंट ३८ स्पेशल एवढंच, रायफलच्या भानगडीत अजून पडलो नाही.

प्रॉब्लेम असाय की गॅरेजमधलं टेबल आता भंगारवाल्याच्या गाडीसारखं दिसतंय. रेंजवरून उचललेलं ब्रास (रिकामे केस) पिशव्यांमध्ये, बुलेट्स खोक्यांत, डाय (प्रेसचे साचे) कुठे तर पाना कुठे. स्टोरेजचे तयार डबे घ्यायला गेलो तर एकेका प्लास्टिकच्या खोक्याला दहा-दहा डॉलर, आणि आपल्या घरात तर रिकाम्या डब्यांचं प्रदर्शन भरलेलं असतं. कॉफीचे मोठे प्लास्टिकचे डबे, पीनट बटरच्या बरण्या, त्या टॅलेंटी आइस्क्रीमच्या पारदर्शक फिरकीच्या झाकणाच्या (बायको एकही टाकू देत नाही), प्रोटीन पावडरचे काळे डबे, लोणच्याच्या काचेच्या बरण्या, औषधाच्या नारिंगी बाटल्या तर खंडीभर.

मी ठरवलेलं असं. ब्रास कॉफीच्या डब्यात. बुलेट्स पीनट बटरच्या बरणीत. प्रायमर त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत फार जागा खातात, हजार प्रायमरचं खोकं केवढं मोठं आणि आतला माल मूठभर, तर ते औषधाच्या बाटलीत ओतायचे, झाकण पण पोरांना न उघडणारं असतं. आणि पावडरचा आठ पौंडाचा जग घेतलाय तो दर वेळी उचलून मापात ओतताना सांडतो, म्हणून त्यातली अर्धी प्रोटीनच्या डब्यात काढून ठेवायची, डबा काळा आहे म्हणजे उजेड पण लागणार नाही. बरोबर आहे ना? अजून काय काय वापरता तुम्ही लोक?

क्लीव्हलँडचे_काका

अहो कूटराव, पहिली दोन वाक्यं बरोबर आणि शेवटची दोन वाचून माझा चहा सांडला. ओतलं नसेल तर ओतू नका, ओतलं असेल तर आधी हे वाचा.

प्रायमर आधी. ते मूठभर दिसतात म्हणूनच माणूस फसतो. त्याच्या आत लेड स्टिफनेट असतं, ठोका बसला की उडायचं हेच त्याचं काम. कंपनी शंभराच्या ट्रेमध्ये एकेक प्रायमर वेगळ्या खाचेत बसवते, त्यामुळे जागा जाते, आणि ती जागा हीच त्याची सेफ्टी आहे. एखादा उडाला तरी शेजारचा उडू नये म्हणून ते अंतर. बाटलीत ओतले की सगळे एकमेकांना चिकटून, हलवलं की एकमेकांवर घासणार, आतल्या मसाल्याची धूळ सुटणार, आणि एक उडाला की बाकीचे सगळे त्याच क्षणी. पावडर मोकळ्यावर जळते, प्रायमर जळत नाहीत, स्फोट होतो. बाटलीभर प्रायमर हातात धरून खुळखुळा वाजवणारा माणूस मी स्वतः बघितलाय, त्याला मी हळूच म्हटलं बाबा ती खाली ठेव आणि लांब हो. त्यामुळे खोकं कितीही मोठं वाटलं तरी प्रायमर ज्या ट्रेत आले त्याच ट्रेत, आणि कामाला बसताना लागतील तेवढेच टेबलावर.

आता पावडर. स्मोकलेस पावडर ज्या डब्यात आली त्या डब्यातून दुसऱ्या डब्यात काढायची नाही, यात मला एकही सूट माहीत नाही. कारण एक म्हणजे ओळख. पिस्तुलाच्या आणि रायफलच्या कित्येक पावडरी डोळ्यांना सारख्याच दिसतात, काळे-करडे बारीक दाणे नाहीतर चकत्या. मी ३० वर्षं करतोय आणि मला कोणी वाटीत काढून विचारलं ही कुठली तर मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भरभर जळणारी पिस्तुलाची पावडर चुकून रायफलच्या मापानं भरली तर बंदूक फुटते, डोळा जातो. कंपनीच्या डब्यावर नाव तर असतंच पण लॉट नंबरही असतो, एका लॉटचं जळणं दुसऱ्यापेक्षा थोडं वेगळं असू शकतं, त्यामुळे नवीन लॉट आला की पुन्हा खालून सुरुवात करून तपासायचं असतं. प्रोटीनच्या डब्यावर मार्करनं नाव लिहिलंत तरी लॉट नंबर कोण लिहितो? मार्कर पुसतोही.

दुसरं कारण म्हणजे डबा स्वतः. पावडर जिथे विकली जाते तो डबा मुद्दाम नाजूक केलेला असतो, आग लागली तर त्याची शिवण उकलावी आणि पावडर नुसती भक्क करून जळावी, आत दाब साठू नये. तीच पावडर भक्कम, घट्ट झाकणाच्या भांड्यात कोंडली की तिचा बॉम्ब होतो. आणि नायट्रोग्लिसरीन असलेल्या डबल बेस पावडरी काही प्लास्टिक खातात. पावडर मोजायच्या यंत्राच्या हॉपरमध्ये (वरच्या भांड्यात) रात्रभर पावडर विसरा, सकाळी पारदर्शक प्लास्टिक धुरकट झालेलं दिसेल. तुमचा प्रोटीनचा डबा कसल्या प्लास्टिकचा आहे ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही.

आठ पौंडी जग जड वाटत असेल तर पुढच्या वेळी एक पौंडाचे घ्या. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, पिस्तुलाच्या गोळीला चार-पाच ग्रेन लागतात, म्हणजे एका डब्यात हजाराच्या वर गोळ्या होतात. थोडं महाग पडेल, पण ओतताना सांडणार नाही. आणि टेबलावर एका वेळी एकच पावडर, दुसरी कपाटात बंद. काम झालं की हॉपरमधली परत त्याच डब्यात. हॉपरमध्ये काय होतं आठवत नसेल तर ते फेकायचंच, अंदाज करायचा नाही.

फोडणीचं_वरण

काकांचं वाचून अंगावर काटा आला पण मूळ रोग मला ओळखीचा वाटला. आपल्या घरात डब्यावर लिहिलेलं आणि डब्यातलं यांचा संबंध कधी असतो का? माझ्या आईच्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचे तीन डबे आहेत, एकात आमटी, एकात कोथिंबिरीच्या काड्या, एकात मेहंदी भिजवलेली. डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यात आजतागायत कुणाला बिस्किट मिळालेलं नाही, सुई-दोराच निघतो. स्वयंपाकघरात ते गोड आहे. कूटराव तुमच्या गॅरेजमध्ये नाही.

शेंगदाण्याचं_कूट (डॅलस)

काका, अजून ओतलं नव्हतं, देवाची कृपा. पावडर आणि प्रायमर मूळ डब्यातच ठेवणार, कबूल. पण मग ते डबे ठेवायचे कशात? माझ्याकडे एक मिलिटरी सरप्लसचा, गोळ्या ठेवायचा लोखंडी हिरवा अ‍ॅमो कॅन आहे, रबर गॅस्केटवाला, एकदम घट्ट. त्यात पावडरचे डबे ठेवले तर? नाहीतर गन सेफमध्ये जागा आहे. आणि गॅरेज उन्हाळ्यात भट्टी असतं इथे, तेही सांगा.

क्लीव्हलँडचे_काका

अ‍ॅमो कॅन नको, गन सेफही नको. लोखंडाची घट्ट पेटी म्हणजे वर सांगितलेला बॉम्ब, फक्त जरा मोठा. तयार गोळ्या ठेवायला अ‍ॅमो कॅन उत्तम, पावडरीला नाही.

पावडर लाकडी कपाटात नाहीतर लाकडी पेटीत. अमेरिकेच्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा कोडमध्ये घरात २० पौंडांपर्यंत स्मोकलेस पावडर मूळ डब्यात ठेवायला हरकत नाही, २० ते ५० पौंडांसाठी एक इंच जाडीच्या लाकडाची पेटी सांगितलीय. प्रायमर घरात १०,००० पर्यंत. पण तुमच्या शहराचा फायर कोड याहून कडक असू शकतो, अपार्टमेंट किंवा एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर त्यांचे नियम वेगळे, ते बघून घ्या. लाकूड का, तर ते उष्णता लवकर आत सोडत नाही आणि आत दाब झालाच तर फुटून वाट देतं. मी जुन्या कपाटाच्या लाकडाची पेटी केलीय, झाकणाला नुसती कडी. प्रायमर वेगळ्या फळीवर, पावडरीच्या शेजारी नाही.

डॅलसच्या गॅरेजमध्ये पावडर नको. थंड कोरडी जागा, घराच्या आतलं कपाट, बॉयलर-हीटरपासून लांब, कुलूप लावून. पोटमाळा आणि गाडीची डिकी तर अजिबात नाही. जुनी पावडर उघडल्यावर आंबूस, नाकात झोंबणारा वास आला नाहीतर तांबूस धूळ दिसली तर ती खराब झालीय, वापरायची नाही, फायर डिपार्टमेंटला विचारून विल्हेवाट लावा.

पितळेची_पातेली

मी धातूंमध्ये काम करते, शूटिंगशी संबंध नवऱ्यामुळे. ब्रासबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

लोणच्याची बरणी ब्रासला नको. कितीही घासली तरी झाकणाच्या आट्यांमध्ये मीठ आणि व्हिनेगर राहतं, आमच्या सासूबाईंच्या कैरीच्या लोणच्याची बरणी तर सात धुण्यांनंतरही उघडली की वास मारते. मीठ पितळेवर हिरवे डाग पाडतं. व्हिनेगरची वाफ शिशाला त्याहून वाईट, साध्या लेड बुलेट्सवर पांढरी भुकटी चढते. ओक लाकडाच्या ड्रॉवरमध्येही होतं ते, त्यातून अ‍ॅसिडची वाफ निघते, म्हणून काकांनी पेटी कुठल्या लाकडाची केली ते विचारायचं होतं (पावडरसाठी चालेल, बुलेट्स त्यात ठेवू नका).

आणि अमोनिया. ही गोष्ट मला फार आवडते. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असायची आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पितळी केसना आपोआप भेगा पडलेल्या. कुणी हात लावलेला नाही, कुणी उडवलेली नाहीत, तरी तडे. कारण असं निघालं की काडतूस ओढून बनवताना पितळेत ताण राहतो, आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणावर काम करतो. त्याला सीझन क्रॅकिंग हे नाव पडलं ते त्या मोसमावरून, म्हणजे आपल्या पावसाळ्यावरून. कारणाचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. उपाय साधा, पितळ तापवून आतला ताण काढणं.

आज घोडे नाहीत, पण डबा धुताना काच पुसायचा निळा स्प्रे मारतो आपण, त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो. काही मेटल पॉलिशमध्येही असतो, ब्रास चमकवायला ते वापरायचं नाही. मांजराच्या लिटरच्या बादल्या मजबूत म्हणून बरेच लोक ब्रासला वापरतात, नवीन लिटरची बादली धुऊन वाळवून ठीक, पण वापरलेलं लिटर ज्यात साठवलं ती बादली नको. साधा डिशवॉश आणि पाणी पुरे.

बाकी कॉफीचे डबे, पीनट बटरच्या बरण्या, टॅलेंटी, सगळं ब्रासला चालतं. फक्त ओलं ब्रास झाकू नका. वेट टंबलिंग (ब्रास यंत्रात पाण्यात फिरवून धुणं) करत असाल तर चादरीवर पसरून पापडासारखं वाळवा, केसच्या आत प्रायमरच्या खळग्यात पाणी बसून राहतं, वरून कोरडं वाटतं. बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवा, फुकटच आहेत.

क्लीव्हलँडचे_काका

पाइन आहे ताई. आणि तबेल्याची गोष्ट मला माहीत नव्हती, ३० वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

एन्फिल्डवाला

प्रॅक्टिकल दोन-चार गोष्टी. मी न्यू जर्सीत असताना सगळं हेच डबे-बरण्यांवर चालवलंय.

नाव झाकणावर लिहू नका, डब्याच्या अंगावर लिहा. टॅलेंटीची सगळी झाकणं एकसारखी, दोन बरण्या एकदम उघडल्या की झाकणं बदलतात आणि मग ३८ च्या बरणीवर ९ एमएमचं झाकण. मास्किंग टेप, जाड मार्कर, आणि नुसतं कॅलिबर नाही तर किती वेळा उडवलंय आणि धुतलंय की नाही हेपण लिहा. आधीचा कागद पूर्ण सोलून काढा, पीनट बटर लिहिलेलं डोळ्यांसमोर राहायला नको.

रेंजचं उचललेलं ९ एमएम चाळून घ्या, त्यात पॉइंट ३८० हे वेगळं कॅलिबर घुसलेलं असतंच, दिसायला बारकं ९ एमएमच. आणि छोटे केस मोठ्यांच्या पोटात शिरतात, ९ एमएम पॉइंट ४० मध्ये शिरून बसतं, टंबलरमधून (ब्रास साफ करायच्या यंत्रातून) तसंच बाहेर येतं. पुढे कधी पॉइंट ४५ एसीपी या मोठ्या पिस्तुलाच्या गोळीवर गेलात तर त्यात छोट्या आणि मोठ्या प्रायमरचे दोन्ही प्रकार असतात, त्यांना आधीपासून दोन वेगळ्या बरण्या, नाहीतर प्रेसवर कचकन अडकतं आणि हृदयाचा ठोका चुकतो.

वजनाचा अंदाज घ्या. ११५ ग्रेनच्या हजार बुलेट्स म्हणजे साडेसोळा पौंड, साडेसात किलो. माझी एक कॉफीची बरणी हँडल धरून उचलली आणि हँडलच हातात आलं, बुलेट्स गॅरेजभर. मोठे डबे अर्धेच भरायचे आणि खालच्या फळीवर ठेवायचे.

औषधाच्या बाटल्या फेकू नका, डिकॅपिंग पिना (जुना प्रायमर काढायच्या), छोटे स्क्रू, शेल होल्डर, अ‍ॅलन की यांना एकदम फिट. लेबल मात्र काढा, नाहीतर घरी कुणी पाहुणे आले आणि डोकं दुखतंय म्हणून बाटली शोधू लागले तर.

तयार गोळ्या बरणीत सुट्या टाकू नका. पन्नासच्या खोक्यात, आणि वर चिठ्ठी, कुठली पावडर किती ग्रेन कुठली बुलेट कुठली तारीख. सहा महिन्यांनी काहीही आठवत नाही.

खडकीकर

मी शूटर नाही, पुण्यातून वाचतोय. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, १८६९ चा तो कारखाना, आमच्याकडे सगळे नुसतं अ‍ॅम्युनिशन म्हणायचे. घरात त्यांची शिस्त फार, आईनं रॉकेलच्या बाटलीत कधी दुसरं काही भरलेलं त्यांना चालायचं नाही, बाटली ज्याची त्याचीच, म्हणायचे. लहानपणी हा म्हातारा विक्षिप्त वाटायचा. वरचं वाचून आज जरा उलगडलं.

इकडच्या पोरांनी हे वाचून गॅरेजमध्ये उत्साह करू नये म्हणून सांगतो, भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, घरगुती छंद म्हणून होत नाही. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळाल्यापासून कोल्हापूर-पुण्याकडे पोरं रायफलच्या मागे आहेत, म्हणून म्हटलं.

एन्फिल्डवाला

बरोबर खडकीकर, आणि स्वप्निलची ५० मीटर रायफल पॉइंट २२ ची, ती गोळी रिमफायर असते, मसाला कडेच्या आत भरलेला, वेगळा प्रायमरच नाही, त्यामुळे ती इथेही कोणी रीलोड करत बसत नाही. एकदा उडवली की भंगार.

नवा_पाहुणा

मी एच-१बी व्हिसावर आहे, वाचून मलाही इच्छा झाली, सुरू करू का?

क्लीव्हलँडचे_काका

थांबा. नॉनइमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्यानं बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला बंदी आहे, काही अपवाद आहेत, त्यातला ओळखीचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, इथल्या काकांना फुकट विचारू नका. ग्रीनकार्डाची वाट बघा.

पितळेची_पातेली

एक राहिलं. वापरलेल्या ब्रासमध्ये आणि टंबलरच्या धुळीत शिसं असतं, प्रायमरच्या जळलेल्या मसाल्यातून येतं. जो डबा, वाटी, चमचा एकदा या कामाला गेला तो परत स्वयंपाकघरात येत नाही. कूटराव, तुम्ही टंबलरमधून काढलेलं ब्रास आणि साफ करायला घातलेला वॉलनटचा भुसा वेगळा करायला काय वापरता?

शेंगदाण्याचं_कूट (डॅलस)

पिठाची चाळण.

पितळेची_पातेली

कुणाची?

शेंगदाण्याचं_कूट (डॅलस)

बायकोची. पण मी दर वेळी साबणानं धुऊन परत ठेवत होतो हो.

फोडणीचं_वरण

पोळ्यांमध्ये लोह वाढवायचं ऐकलं होतं, शिसं पहिल्यांदाच 😂

पितळेची_पातेली

हसण्यासारखं नाहीये. घरात लहान मूल असेल तर आधी डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, साधी ब्लड टेस्ट असते. तुमचीपण करा. ती चाळण आजपासून गॅरेजची, तिच्यावरही मार्करनं लिहा. आणि टंबलर घरात चालवू नका, झाकण उघडताना मास्क, नंतर हात धुवून मगच जेवण.

शेंगदाण्याचं_कूट (डॅलस)

मुलगी चार वर्षांची आहे. उद्याच अपॉइंटमेंट घेतो.

अपडेट देतो. काल रात्री सगळं आवरलं. पावडरचा जग आणि प्रायमर हॉलच्या कपाटात वेगवेगळ्या फळ्यांवर, कुलूप लावून, लाकडी पेटीचं सामान शनिवारी आणतो. ब्रास चार कॉफीच्या डब्यांत, अंगावर टेप. औषधाच्या बाटल्यांत पिना आणि स्क्रू. लोणच्याच्या बरण्या धुऊन परत केल्या. बायकोला चाळणीचं सांगितलं, ती दहा मिनिटं काहीच बोलली नाही, मग उठून कणीक, चाळण, परात सगळं बाहेर काढलं आणि किल्ली हातात दिली, म्हणाली पटेलच्या दुकानात जा आणि तिन्ही नवीन घेऊन ये, आणि टॅलेंटीच्या बरण्या मोजून ठेवल्यात मी, अकरा आहेत.

अपॉइंटमेंट गुरुवारची मिळाली. रिपोर्ट आला की इथेच कळवतो.